दुसऱ्याची ठेव

टेक्सासमध्ये रस्त्याकडेला टेबल मांडून मतदारनोंदणीचे अर्ज गोळा करणारा स्वयंसेवक मनात आले म्हणून तिथे बसू शकत नाही. प्रशिक्षण घेऊन त्याला काउंटीकडून उपनिबंधक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. पगार शून्य, जबाबदारी मात्र सरकारी. भरलेला अर्ज हाती आला की मतदाराला पावती द्यायची आणि पाच दिवसांत तो कचेरीत पोचवायचा. राहून गेला तर 500 डॉलरपर्यंत दंड. जाणूनबुजून ठेवून घेतला तर 4000 डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही.

फुकट राबणाऱ्याला वर तुरुंगाचा धाक कशाला, असे पटकन वाटते. पण पावती घेतलेला माणूस निर्धास्त घरी जातो. आपला अर्ज कुणाच्या तरी पिशवीतच राहिला, हे त्याला कदाचित थेट मतदानाच्या दिवशी कळते. तोवर नोंदणीची मुदत संपून महिना उलटलेला असतो. श्रम स्वयंसेवकाचे असले तरी हातातला कागद दुसऱ्याची ठेव आहे, आणि ठेव बुडवणाऱ्याला शिक्षा हवीच.

फक्त त्या शिक्षेचा वचक कुणाला बसतो, हे पाहायला हवे. फ्लोरिडाने 2011 मध्ये अर्ज पोचवण्याची मुदत 48 तासांवर आणली आणि उशिराच्या प्रत्येक अर्जामागे 50 डॉलर दंड लावला. वर्षाकाठी तो जास्तीत जास्त 1000 डॉलर होता. तेवढ्यानेही ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या 1920 पासूनच्या संस्थेने तिथले नोंदणीचे काम थांबवले. मे 2012 मध्ये संघीय न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी 48 तासांच्या अटीला स्थगिती दिली. तरी 2023 मध्ये त्याच राज्याने संस्थांवरच्या दंडाची वार्षिक मर्यादा अडीच लाख डॉलरवर नेली. लबाड माणूस आपण सापडणार नाही असे गृहीत धरून चालतो. कायदा नीट वाचून घाबरतो तो सरळ माणूस.

आपल्याकडे हे काम स्वयंसेवकांवर सोडलेले नाही. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून उन्हातान्हात दारोदार फिरणारी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका सरकारी कर्तव्यावर असते. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 32 मध्ये कर्तव्यात कसूर झाल्यास तीन महिने ते दोन वर्षे कैद आहे. म्हणजे शिक्षा टेक्सासहून कडक. पण ती ‘वाजवी कारणाशिवाय’ झालेल्या कसुरीला आहे, आणि निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशाने तक्रार झाल्याखेरीज न्यायालय दखल घेत नाही.

आजारपण, पूर, विसर यांना आणि दडपादडपीला एकाच तराजूत तोलू नये, एवढे भान कायद्याला हवे. टेक्सासने विसरणारा आणि दडपणारा यांच्यात फरक केला, पण विसरणाऱ्यालाही गुन्हेगारांतच बसवले. पन्नास डॉलरच्या भीतीने टेबल उचलले जाते, तेव्हा अर्ज गहाळ होण्याची चिंता खरेच मिटते. मतदाराच्या हाती पावतीही येत नाही आणि तक्रार करायला कुणी उरत नाही.