उतारावर पाय

फिक्स्ड गिअरची सायकल चालवते म्हटलं की लोक चढाची काळजी करतात. एकच गिअर, त्यात नाहरगडचा घाट, म्हणजे मांड्यांचं काय होत असेल! पण चढ ही या सायकलची खासियत नाहीच. एका गिअरची कुठलीही सायकल, अगदी दूधवाल्याची काळी सायकलसुद्धा, चढावर जवळपास अशीच वागते. खरा फरक उतारावर कळतो. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे चाक फिरत राहिलं तरी पाय थांबू शकतात आणि माणूस ती टिकटिक ऐकत निवांत खाली येतो. फिक्स्डमध्ये ही सोय काढून टाकलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय.

माझ्या सायकलला पुढे ४६ दात आहेत आणि मागे १७. पायडलच्या एका फेरीत ती साधारण पावणेसहा मीटर पुढे जाते. घाटात वेग ताशी ८ किलोमीटरवर आला की मिनिटाला जेमतेम २३ फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरी विहिरीतून भरली बादली ओढल्यासारखी असते. उतरताना वेग ताशी ४५ वर गेला की त्याच पायांना मिनिटाला १३० फेऱ्या माराव्या लागतात. वेग आवरायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. मी पुढचा ब्रेक ठेवला आहे. ब्रेक लावणं ज्यांना कमीपणाचं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त उतारावर त्यांच्या पुढे राहत नाही.

मी राहते ते सिविल लाइंस सपाट आहे. मोठे बंगले, त्यांच्या दारातले पहारेकरी, कडुनिंब, मेट्रोचे खांब. चढ हवा असेल तर पहाटे चांदपोलहून जुन्या शहरात शिरायचं, हवामहलसमोरून जोरावरसिंग गेटबाहेर पडायचं आणि जलमहल मागे टाकून आमेर रस्त्यावरून डावीकडे डोंगरात वळायचं. वर नाहरगड. सवाई जयसिंगाने तो १७३४ साली बांधला, आणि त्याच वर्षी मराठ्यांना कसं रोखायचं हे ठरवायला राजपूत राजे हुर्ड्याला जमले होते. त्या किल्ल्याकडे पहाटे मराठीत धापा टाकत जाण्याची गंमत मला अजून पुरती ओसरलेली नाही.

प्रश्न असा आहे की ज्या कष्टातून सुटका सहज उपलब्ध आहे, ते मुद्दाम ओढवून घेण्यात काही नैतिक मोल आहे का? की हा भरल्या पोटाचा छंद?

आमच्या मराठीत याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मोरोपंतांचं आहे. त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात आणि त्यांतल्या कित्येकांना त्यांनी स्वतःच काहीतरी अट घातली आहे. निरोष्ठ रामायणात ओठ मिटवून उच्चारायचा एकही वर्ण नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता 'राम' हा शब्दच 'म'वर संपतो! ज्याची कथा सांगायची त्याचं नाव घ्यायचं नाही आणि तरी कथा सांगायची. दोन शतकांनंतर झॉर्झ पेरेकने फ्रेंचमध्ये 'e' हे अक्षर न वापरता कादंबरी लिहिली, ती १९६९ साली आली, आणि गिल्बर्ट अडेरने तीच अट पाळून तिचा इंग्रजी अनुवाद केला. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्सने खेळाची जी व्याख्या केली तिचा गाभा हाच आहे: ज्या अडथळ्याची गरज नाही तो आपखुशीने स्वीकारून पार करणं. गोलंदाजाने चेंडू हातात धरून पळत जाऊन यष्टी उडवली तर काम होईल, क्रिकेट होणार नाही. तेव्हा मोरोपंत, पेरेक आणि नाहरगडचा घाट हे खेळ आहेत, आणि खेळाला खेळ म्हणण्यात मला काही लाज वाटत नाही.

माझ्या धंद्याची अडचण वेगळी आहे. याच जयपूरच्या जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे मराठी पंडित होते. ते अरबी शिकले आणि युक्लिडची भूमिती त्यांनी 'रेखागणित' म्हणून संस्कृतात आणली. तिथे अट कुणी घालायला नको होती, कामच तेवढं अवघड होतं. मी हिंदीतून मराठीत अनुवाद करते, म्हणजे उतारावरचं काम. लिपी एक, निम्मे शब्द सारखे, वाक्य आपोआप घरंगळतं. आणि तिथेच घात होतो. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत येता येता शिकवण्याची मारझोड होते. 'चेष्टा' म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'संसार' तिकडे अख्खं जग आहे, इकडे भांडीकुंडी आणि मुलंबाळं. 'खाली' तिकडे रिकामं, इकडे पायथ्याशी. हे ढोबळ फसवे शब्द कुणीही पकडेल. पण वाक्याची ठेवण, 'तो'चं आणि 'ही'चं वजन, हे पाय थांबले की हिंदीचंच राहतं आणि वाचणाऱ्याला नुसतं कसंतरी होतं, का ते सांगता येत नाही. अवघड परिच्छेदात मी जागी असतेच. सोप्या पानावर मला फ्रीव्हील नको असतं. एवढ्यापुरता सायकलचा उपयोग मी मान्य करते.

त्यापुढे जाऊन कष्टाने माणूस घडतो, सोय माणसाला बिघडवते, असं कुणी म्हणू लागलं की मी सावध होते. या मताचा सायकलच्या जगातला मोठा पुरस्कर्ता म्हणजे टूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज. तो स्वतः चांगला सायकलपटू होता. १८९३ साली त्याने तासाभरात ३५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून विक्रम केला होता. बदलते गिअर त्याला आवडत नसत. १९०२ साली एका डोंगरी चाचणीत मार्त एस नावाच्या बाईने तीन गिअरच्या सायकलवर फिक्स्ड गिअरवाल्या नामांकित पुरुषाला मागे टाकलं, तेव्हा त्याने लिहिलं की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत. (त्या हिशेबाने माझी थोडीच वर्षं उरली आहेत.) त्याच्या शर्यतीत स्पर्धकांना गिअर बदलायचा तर उतरून मागचं चाक उलटं करून बसवावं लागे. ही बंदी उठली १९३७ साली, शर्यतीची सूत्रं त्याच्या हातून गेल्यावर.

१९१३ सालची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. पिरेनीज पर्वतात तूरमालेच्या घाटात यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. नियम असा की स्पर्धकाने कुणाचीही मदत न घेता दुरुस्ती करायची. तो सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून ठोकून फोर्क जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात गुंतलेले असताना एका पोराने भाता हलवला, आणि त्याबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला, ही त्यांची दया.

या गोष्टीकडे लोक जिद्दीचं उदाहरण म्हणून पाहतात. मला त्यात उभे राहिलेले पंच दिसतात.

माझी ताई नागपुरात आईला सांभाळते, आता सातवं वर्ष. आईला विसर पडतो, कधी ताईलाच ती आपली धाकटी जाऊ समजते. मी दरवर्षी दीड-दोन महिने जाते, लॅपटॉप कुठेही चालतो. पण उरलेले दहा महिने ताईचेच. नातेवाईक येतात, चहा घेतात, 'किती करतेस गं आईचं, पुण्य आहे तुझं' म्हणतात, आणि जातात. भाता कुणी हलवत नाही. एकदा फोनवर मी तिला उताराचं सांगत होते, की चढापेक्षा तेव्हाच जास्त लक्ष लागतं. ती म्हणाली, "अगं, माझं तेच. आई बिघडलेली असते तेव्हा सगळे धावून येतात. ती बरी असते ना, त्या दिवशी सगळ्यांना वाटतं आज हिला सुट्टी."

तिचं ते वाक्य माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा नेमकं होतं. पण तिची आणि माझी गोष्ट एक नाही, आणि ती एक आहे असं दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं. माझ्या मागच्या चाकाच्या एका बाजूला फिक्स्ड कॉग आहे, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. पाना काढायचा, चाक उलटं बसवायचं. दहा मिनिटांत मी साध्या सायकलवर. मोरोपंतांनाही कंटाळा आला असता तर पुढच्या रामायणात 'म' लिहायला कुणाची हरकत नव्हती. स्वेच्छेने घेतलेल्या अटीचा सगळा डौल या दुसऱ्या बाजूवर उभा असतो. ताईच्या चाकाला ती बाजू नाही. म्हणून मी माझ्या घाटाला तिच्या कष्टाची तालीम म्हणत नाही, आणि तिच्या कष्टाचं कौतुक करताना जीभ आवरते. कौतुकाने तिच्यावरचा भार तसूभर हलत नाही, उलट तिला थांबणं अवघड होतं. पुण्यवान म्हणून नाव झालेल्या बाईने दमले असं म्हणायचं कुणाकडे?

घाटात माझ्या पुढे-मागे एक गृहस्थ असतात, वरच्या एका टपरीवर कामाला. त्यांची सायकल जुनी, एका गिअरची. शेवटचा तीव्र चढ ते उतरून ढकलत चढतात. एकदा माझी सायकल निरखून म्हणाले, "मैडम, पैसे तो हैं आपके पास, गियर क्यों नहीं लगवा लेतीं?" मी म्हटलं, "शौक है." ते हसले, म्हणाले, "तो ठीक है." मी जर साधना किंवा तपस्या म्हटलं असतं, तर ते हसले असते का, शंका आहे.

या उन्हाळ्यात मी नागपूरला दोनऐवजी चार महिने जाणार आहे. ताई त्यातला एक महिना मैत्रिणींबरोबर कोकणात काढणार आहे. तिकिटं तिने स्वतःच काढली, मला नंतर कळवलं. आईची औषधं, रात्री ती किती वेळा उठते, कुठल्या गाण्याने शांत होते, असं सगळं तिने सहा पानांवर लिहून पाठवलंय. अक्षर नेहमीसारखं सुबक, फक्त शेवटच्या पानावर घाईचं.