दार लावून घ्या

माणसाचा खरा स्वभाव घराला कुलूप लावताना कळतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. काही माणसे कुलूप अडकवतात, किल्ली खिशात टाकतात आणि शीळ घालत जिना उतरतात. असल्या माणसांना रात्री झोप कशी लागते, देव जाणे! मी कुलूप तीनदा ओढून पाहतो. मग दोन जिने उतरल्यावर गॅस आठवतो. गॅस बंदच असतो, पण तो पाहून खाली आलो की कुलूप लावले की नाही ते आठवत नाही. आमचे कुटुंब तोवर रिक्षात बसून मीटर मोजत असते.

हा रोग डोंबिवलीपुरताच असावा अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी तो व्हिसाशिवाय माझ्याबरोबर इंग्लंडला आला.

आमचा बंड्या वीस वर्षे तिकडे बर्मिंगहॅमला आहे. कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या बाकावर आम्ही तिघे बसायचो. तिसरा वकील. वकील म्हणजे तो वकील नाही, विम्यात आहे. पण कुठल्याही गोष्टीला तीन मुद्दे काढतो म्हणून वकील. बायका खरेदीला गेल्या आणि बंड्याने आम्हाला एक दिवस नॅरोबोटीतून फिरवायचे ठरवले. बोट त्याच्या साहेबाची होती. साहेब लोक तिकडे हाताखालच्यांना बोटी देतात हे ऐकून मला आमचे साहेब आठवले. ते पेनसुद्धा टोपण काढून घेऊन देतात.

नॅरोबोट म्हणजे आगगाडीचा डबा चुकून पाण्यात पडला आणि तरंगला, असा प्रकार. लांबी पन्नास फूट, रुंदी सात फूट. आत स्वयंपाकघर, पलंग, संडास सगळे एकापाठोपाठ एक. चाळीत वाढलेल्या माणसाला अगदी माहेरी आल्यासारखे वाटते. मागच्या टोकाला उभे राहून सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचे नाक उजवीकडे जाते. सतरा वर्षे संसार केलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

स्टॅफर्डजवळच्या ग्रेट हेवूड गावाहून आम्ही निघालो. तिथे दोन कालवे मिळतात. आमचा कालवा जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने आखलेला, 1772 साली पुरा झालेला. तेव्हा काठावरून घोडा चालायचा आणि दोरीने बोट ओढायचा. आता इंजिन आहे, पण वेगाची मर्यादा ताशी चार मैल. आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर आतल्यांचा चहा सांडतो. काठावरून एक आजीबाई कुत्रे घेऊन चालल्या होत्या. त्यांनी आम्हाला "गुड मॉर्निंग" केले आणि मागे टाकले. मग एका बाबागाडीने मागे टाकले. रोज गाडीसाठी पळणाऱ्या माणसाला पहिला अर्धा तास हा सगळा अपमान वाटतो. नंतर टिक्सॉलचे रुंद पाणी लागले. कालवा तिथे एकदम पसरून तळ्यासारखा होतो, पलीकडे जुन्या वाड्याची नुसतीच देवडी उभी, वाडा केव्हाच गेलेला. बंड्याने चहा टाकला. वकील चक्क दहा मिनिटे गप्प बसला. मी घड्याळ काढून खिशात ठेवले.

मग आले लॉक. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन्ही टोकांना दारे असलेली एक अरुंद हौदी. खालून बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, मग वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. पाणी भरते, बोट वर चढते, वरचे दार उघडून बाहेर. त्या झडपा एका वाकड्या लोखंडी हँडलने फिरवायच्या. हँडल माझ्याकडे दिले, कारण मी बँकेत आहे आणि लॉकरचा मला अनुभव आहे, असे बंड्याचे म्हणणे. साहेबाने फोनवर एकच गोष्ट दोनदा बजावली होती : समोरून बोट येत नसेल तर निघताना दार लावा आणि झडपा खाली करा. एखादी उघडी राहिली तर वरचे पाणी रात्रभर गळत राहते. एका वेळी लॉकमधून साधारण लाखभर लिटर पाणी उतरते म्हणे. आमच्या सोसायटीला मे महिन्यात दहा हजारांचा टँकर येतो, म्हणजे हे दहा टँकर. आकडा ऐकून मी फारच भक्तिभावाने हँडल फिरवले.

पुढे मैलभर गेल्यावर कालवा एका नदीवरून पुलाने जातो. खाली नदी, वर कालवा, त्यात आम्ही, हातात बटाटेवडा. अशा क्षणी मला आठवले.

"बंड्या, दुसरी झडप मी खाली केली का रे?"

"केली असशील."

"असशील नाही. केली का?"

बोट वळवता येईना. कालव्याच्या रुंदीपेक्षा बोट लांब, वळवायची जागा बरीच पुढे. वकिलाने वडा संपवून मुद्दे मांडले. एक, तू ती बहुधा खाली केलीच आहेस. दोन, नसलीस तर मागून येणारा करील. तीन, तू न केल्याचं कुणीही पाहिलेलं नाही.

पहिले दोन मुद्दे मी ऐकून घेतले. तिसऱ्याला मात्र पोटात कसेसे झाले. कारण हाच मुद्दा मी एकदा स्वतःपुढे मांडला होता आणि जिंकला होता.

सात-आठ वर्षांपूर्वी मी कॅशला होतो. महिन्याचा पहिला शनिवार, पेन्शनवाल्यांची रांग. एका आजींना मी आठ हजार दिले. मी म्हटले, "आजी, मोजून घ्या." त्या म्हणाल्या, "तुम्ही दिलेत ना, मग बरोबरच असणार." संध्याकाळी कॅश जुळवताना पाचशे रुपये जास्त निघाले. ते कुणाचे, हे मला नव्वद टक्के ठाऊक होते. आजी शाखेमागच्या दुसऱ्या गल्लीत राहत. पण सहा पाचची गाडी होती. मी नियमाप्रमाणे जादा रक्कम त्या खात्यात जमा केली, सही केली आणि निघालो. हिशेबाने मी स्वच्छ. ज्याचे असतील तो येऊन मागेल. पण मागायला आधी मोजावे लागते. जो आमच्यावर संशय घेतो त्याला पैसे परत मिळतात. ज्याने विश्वास ठेवला त्याचे जमा राहतात. हा नियम कुणी केला माहीत नाही. मी मात्र तो फार बिनचूक पाळला. पुढे आजींच्या मुलाने त्यांना कार्ड घेऊन दिले आणि त्या काउंटरवर यायच्या बंद झाल्या.

"बोट बांध," मी म्हटले. "मी जाऊन येतो."

बंड्याने बोट काठाला लावली. मी हँडल घेऊन निघालो. शंभर पावलांवर मागे बघतो तर वकील धापा टाकत येतोय. "मला तुझे मुद्दे पटलेले नाहीत," तो म्हणाला, "पण तू एकटा वाट चुकशील." सरळ कालव्याच्या काठाने चुकायला वाट नव्हती. चालता चालता मी त्याला आजींची गोष्ट सांगितली. कुटुंबालासुद्धा सांगितलेली नव्हती.

लॉकवर पोहोचलो. दोन्ही झडपा खाली होत्या.

मी केल्या होत्या, की मधल्या वेळात कुणी येऊन केल्या? कुत्रेवाल्या आजीबाई? माग काढायला कुणीच नव्हते. एक बदक होते, ते काही बोलले नाही. मी हँडल लावून दोन्ही झडपा तीन-तीनदा तपासल्या. वकील कठड्यावर बसून बघत होता.

"पत्ता असेल ना रे बँकेत?" तो एकदम म्हणाला.

"कुणाचा?"

"आजींचा."

"असेल."

"मग?"

मी हँडल काखेत मारले आणि चालू लागलो. वकिलाने पुढचा मुद्दा काही मांडला नाही. लांबून बंड्या भोंगा वाजवत होता, चहा निवत चालला होता म्हणून.