मांदाराच्या मुळाशी

॥ श्री गणेशाय नमः ॥

यवतमाळ जिल्ह्यातील श्रीक्षेत्र कळंब येथील श्रीचिंतामणी हे विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक होय. यवतमाळहून वर्धा-नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील या क्षेत्री मंदिर भूपातळीच्या खाली असून, भाविक पायऱ्या उतरून श्रींच्या चरणी जातात. हातात दूर्वा असतात, शमीपत्र असते आणि मांदाराची फुले असतात. या मांदारास, म्हणजेच आपल्या रानातील रुईस, श्रीगणेशाच्या पूजेत मान कसा मिळाला, याची कथा गणेशपुराणात आहे.

धौम्य ऋषींचा पुत्र मांदार हा शौनकांचा शिष्य. औरव ऋषींची कन्या शमी ही त्याची पत्नी. एकदा या दोघांना भृशुंडी ऋषी भेटले. गणेशाच्या अखंड ध्यानाने भृशुंडींना सोंड फुटली होती. ते रूप पाहून दोघांना हसू आवरले नाही. तेव्हा ऋषींनी शाप दिला, की पशूही ज्यांच्या जवळ जाणार नाहीत असे वृक्ष व्हा. पुढे शौनक व औरव यांनी कठोर तप केले. भक्ताचा शाप गजाननाने मोडला नाही. मात्र मांदाराच्या मुळाशी आपण सदैव वास करू आणि शमीही आपणास प्रिय राहील, असा वर दिला. विदर्भाच्या अष्टविनायकांत आदासा येथे शमी विघ्नेश्वर आहेत, भंडारा येथे भृशुंड गणेश आहेत. ही कथा या भूमीत अशी घर करून राहिली आहे.

त्या शापाची खूण आजही दिसते. पान तोडताच पांढरा चीक येतो. तो कडू व विषारी असून डोळ्यांस फार अपायकारक आहे. म्हणून फुले वाहिल्यावर हात धुवावेत आणि मुलांना जपावे. गुरेढोरे या झुडपाला सहसा तोंड लावीत नाहीत. दाट सागवनात ते वाढत नाही. त्यास मोकळे ऊन हवे. धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला, पडीक मुरमाड जमिनीत ते उभे असते. त्याचे सोटमूळ खोल जाते. म्हणून वैशाखात सारे रान करपते तेव्हाही ते हिरवे राहते. अर्क हे त्याचे दुसरे नाव सूर्याचेच आहे आणि रथसप्तमीच्या स्नानास त्याची पाने लागतात. शनिवारी मारुतीच्या गळ्यात माळ पडते तीही त्याच्याच पानांची.

आपल्याकडे रुईच्या दोन जाती आढळतात. लहान रुईच्या पाकळ्या उभट असून टोके जांभळी असतात. मोठ्या रुईच्या पाकळ्या पसरट, फिकट जांभळ्या असतात. तिच्याच पांढऱ्या फुलांच्या झाडास श्वेतमांदार म्हणतात. फुलाच्या मध्यभागी पाच कोनांचा मुकुट असतो. त्यातील पराग भुकटीसारखे सुटे नसतात, त्यांचे लहान पुंज असतात. मोठा काळा भुंगा मधासाठी बसला की ते पुंज त्याच्या पायांना अडकतात आणि दुसऱ्या फुलास पोहोचतात. नारिंगी पंखांना काळीपांढरी किनार असलेले एक फुलपाखरू याच पानांवर अंडी घालते. त्याच्या अळ्या ही विषारी पाने खाऊनच वाढतात. ते विष अंगी असल्यामुळे पक्षी त्या फुलपाखरास टाळतात. ज्यास पशूंनी सोडले, त्याच्या घरी हे पाहुणे नांदतात. फळ उकलले की रेशमी तंतूंच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. कापसाच्या या जिल्ह्यात सरकी काढलेल्या कापसासही रुईच म्हणतात. एक रुई बाजारात तोलली जाते, दुसरी वारा कोणालाही फुकट वाटतो.

आता एक विचार भाविकांनी मनात धरावा. श्वेतमांदार एकवीस वर्षांचा झाला की त्याच्या मुळास गणेशाचा आकार येतो, असा समज आहे. त्यापायी जुनी झाडे मुळासकट खणली जातात आणि ती मुळे विकली जातात. शौनकांनी मांदाराच्या मुळाची मूर्ती करून पूजिली, असे पुराणातच आहे, हे खरे. परंतु ते झाड म्हणजे त्यांचा शिष्य होता. त्या मूर्तीमागे गुरूचे दुःख होते आणि तप होते. आज मूळ घेणाऱ्याजवळ यांतील काय असते? देवाने मुळाशी राहण्याचा वर दिला. मूळच उपटून घरी आणले, तर देव घरी आला की त्याचे घर मोडले? सोटमूळ गेले की झाड गेले, फूल गेले, भुंगा व फुलपाखरूही गेले.

म्हणून फुले वेचावीत, पण फांदी मोडू नये. पूजेपुरतीच पाने घ्यावीत. धुरा साफ करताना, तणनाशक फवारताना एखादे झुडूप राखावे. श्रींच्या चरणी द्रव्य अर्पण करणे हे दान आहेच. आपल्या शेताच्या कडेला उभ्या मांदारास उभे राहू देणे, हेही दान आहे. त्यास पावती लागत नाही.

मांदार आणि शमी दुसऱ्याच्या रूपास हसले, त्याचे फळ त्यांनी भोगले. ज्यास सर्वांनी टाकले त्याच्या मुळाशी देव जाऊन राहिला. परतीच्या वाटेवर धुळीने माखलेली रुई दिसेल, तेव्हा भाविकांनी तिला क्षणभर हात जोडावेत आणि आपल्या गावात, आपल्या घरात कोणास असेच टाकलेले आहे, हे आठवून पाहावे.

॥ श्रीचिंतामणी प्रसन्न ॥