घरी केलं म्हणून कसंही करायचं?

तुझ्या टाकीचे फोटो पाहिले. व्हिडिओसुद्धा थांबवून थांबवून पाहिला. आता कान इकडे कर. कौतुक ऐकायची अपेक्षा असेल तर ती आधीच सोड.

पाण्यावरचा तवंग ओढून घेणारं विकतचं सरफेस स्किमर महाग पडतं म्हणून तू घरी करायला घेतलंस, याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलांनी हाताने वस्तू कराव्यात म्हणून मी शाळेत आयुष्यभर भांडले. तक्रार आहे ती तुझ्या त्या एका वाक्याबद्दल: "घरगुतीच आहे बाई, चालून जाईल." खाऱ्या पाण्याच्या त्या चाळीस लिटरच्या टाकीत दोन क्लाऊनफिश आहेत, एक क्लीनर श्रिम्प आहे, वाळूत गोगलगायी आहेत. चालून गेलं नाही तर मरायचं त्यांनी आहे, तू नाही. इंजिनीअर झालास, ऑफिसात दुसऱ्यांच्या डिझाइनवर लाल शेरे मारतोस, आणि घरी आल्यावर मोजपट्टी कुठे जाते?

पहिला प्रश्न. पाण्यावर तवंग का आला, याचा शोध घेतलास? नाही घेतलास. मासळीचं गोठवलेलं खाणं वितळवून त्याच्या तेलकट पाण्यासकट टाकीत ओततोस, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. चहाची गाळणी घरात आहे ना? गाळून टाक, पाणी फेकून दे. टाकी स्वयंपाकघराला लागून आहे, फोडणीच्या धुरातलं तेल पाण्यावर बसतं. हाताला क्रीम लावून तोच हात टाकीत घालतोस. आणि शेजारी मच्छरांची कॉइल जळतेय! कॉइलमधलं कीटकनाशक पायरेथ्रॉइड जातीचं असतं. माशांना ते घातक आहेच, कोळंबीच्या जातीला तर फारच. ती कॉइल आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढ. हे काही न करता यंत्र बसवायचं, म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आणखी एक सोपी गोष्ट होती. टाकीतलं पाणी फिरवणारा आहे तोच पॉवरहेड थोडा वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवायचा. टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरायचा आणि एका कडेने उचलून घ्यायचा, तवंग त्याला चिकटून येतो. आठवडाभर हे करूनही तवंग परत परत धरत असेल, तर मग स्किमरचं काम हाती घ्यायचं. तू सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केलीस.

तवंग निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणत नाहीये. प्रथिनांच्या आणि चरबीच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते पृष्ठभागावर येऊन दाटी करतात. प्राणवायू आत यायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायचा तोच रस्ता. खाऱ्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. ठाण्याच्या मे महिन्यात टाकी 30 अंशांवर गेली की तो सव्वासहाच्या आत येतो. रात्री दिवा बंद झाला की शेवाळही प्राणवायू सोडायचं थांबून ओढायला लागतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते, असं तू सहज जाता जाता लिहिलंस. ते सहज लिहिण्यासारखं नव्हतं. ते जीव गुदमरत होते.

आता तुझ्या यंत्राकडे येऊ. बाटलीला एका बाजूने बारा खाचा, प्रत्येक 5 मिलिमीटर रुंद. म्हणजे पाणी ज्या कडेवरून आत पडणार त्या कडेची एकूण लांबी 6 सेंटिमीटर. त्याच्या मागे तू तासाला हजार लिटरचा पंप लावलास. नाकापेक्षा मोती जड! सांडव्याचं गणित तुला कॉलेजात होतं. घाल त्यात हे आकडे. कडेवरून वाहणारा पाण्याचा थर येतो जवळजवळ 18 मिलिमीटर. तवंग तर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ. त्याच्यासोबत तू पावणेदोन सेंटिमीटर पाणी ओढतोयस, आणि तवंग काढतोय म्हणून सांगतोयस. खाचा पाण्यात खोल बुडाल्या असतील तर त्याहून वाईट, कारण मग खालचंच पाणी आत येतं आणि तवंग वर तसाच राहतो. शिवाय 5 मिलिमीटरच्या खाचेत लहान गोगलगाय सरळ जाते. त्या पंपाची सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुझ्या चाळीस लिटरांतच उतरते, हेही लक्षात घे.

लांब कड आणि छोटा पंप, हे सूत्र आहे. तासाला 200 लिटरचा पंप घे. 75 मिलिमीटर व्यासाच्या पाइपाच्या तुकड्याची वरची पूर्ण गोल कड वापरलीस तर लांबी साडेतेवीस सेंटिमीटर होते. तोच हिशेब पुन्हा कर: थर येतो अडीच मिलिमीटरच्या आसपास. एक पैशाचा जास्तीचा खर्च नाही. फक्त कागद आणि पेन्सिल घेऊन दहा मिनिटं बसायला हवं होतं.

अ‍ॅग्नेस पॉकेल्स हे नाव मी तुमच्या वर्गात घेतलं होतं. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत असशील, म्हणून परत सांगते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ही मुलगी. त्या काळी तिथल्या विद्यापीठाचं दार बायकांना बंद होतं, घरात आजारी आईवडील, दिवसभर स्वयंपाक आणि भांडी. भांडी धुताना पाण्यावरच्या तेलकट पापुद्र्याचं वागणं तिच्या लक्षात आलं. तिने 70 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर रुंद अशी पत्र्याची उथळ पन्हळ केली, ती काठोकाठ भरली आणि आडवी पत्र्याची पट्टी सरकवत पृष्ठभाग आकुंचित केला. तराजूला टांगलेली छोटी चकती पाण्यावरून उचलायला किती वजन लागतं ते नोंदवत गेली. पट्टी किती सरकली आणि पृष्ठताण किती बदलला, दोन्ही आकडे तिने मांडले. वर्षानुवर्षं. मग ते सगळं पत्रात लिहून तिने भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलींना पाठवलं आणि त्यांनी ते 1891 साली 'नेचर'मध्ये छापायला दिलं. पुढे पृष्ठभागावरच्या थरांच्या कामासाठी रसायनशास्त्रज्ञ लँगम्युअरला 1932 सालचं नोबेल मिळालं, त्याने वापरलेल्या साधनाचं मूळ त्या पन्हळीत आहे. तिचंही सगळं घरगुतीच होतं. तुझ्याच विषयातलं होतं. तिच्याकडे नळ्या-पंप काही नव्हते, तरी तिचा प्रत्येक आकडा आजही तपासता येतो. तुझ्याकडे बाटली कापायच्या आधीचा एकही आकडा नाही.

पाण्याची पातळी हा तुझा दुसरा आंधळेपणा. तुझी टाकी 45 बाय 30 सेंटिमीटरची. पातळी 1 सेंटिमीटर उतरली की 1.35 लिटर पाणी उडालेलं असतं. मीठ उडत नाही, ते मागे राहतं. हजारी 35 असलेला खारटपणा 36 च्या पुढे जातो, आणि खडक-वाळूने जागा अडवलेली असल्यामुळे खरं तर आणखी वर. तू बाटली काचेला पक्की चिकटवलीस. पहिल्या दिवशी कड बरोबर पाण्याला टेकलेली. तिसऱ्या दिवशी पंप हवा ओढायला लागला, टाकीभर बुडबुडे झाले, दिव्यावर मिठाची पांढरी पुटं चढली. आणि तू काय केलंस? वरून मिठाचं पाणी ओतलंस! उडालेल्याची भरपाई आरओच्या साध्या पाण्याने करायची असते. काचेवर बाहेरून मार्करने रेघ मार आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत साधं पाणी भर. आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा बघ आणि वहीत लिही. मोबाइलमध्ये नको, वहीत.

पातळी अशी रोज उतरते, म्हणून कड तरंगती हवी. बाहेरची नळी काचेला धरून स्थिर, तिच्या आत खालीवर सरकणारा हलका कप, कपाच्या वरच्या भागाला बंद पेशींच्या फोमची कडी. पंप नळीच्या तळातून पाणी ओढतो. कपातली पातळी उतरली की कप वजनाने किंचित दबतो, कड पाण्याखाली जाते आणि वरचा पातळ थर आत पडतो. पाणी जास्त आलं तर कप परत उचलला जातो. टाकीची पातळी उतरली तर कप तिच्यासोबत उतरतो. सगळी कला आहे ती कप आणि नळीच्या मधल्या फटीत. फट घट्ट झाली तर पहिल्याच शेवाळाने कप अडकून बसेल. सैल झाली तर पाणी कडेवरून यायचं सोडून फटीतूनच आत जाईल. कोरडा असताना नळी उभी धरून कप वरून सोड. तो न अडखळता आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे, आणि आत आडवातिडवा डुलता कामा नये. कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट कर, काचेच्या तुकड्यावर उलटी ठेवून बघ. एका बाजूला उंच राहिली तर सगळं पाणी दुसऱ्या बाजूने पडेल आणि साडेतेवीस सेंटिमीटरांचा हिशेब वाया जाईल. कपाच्या तोंडावर प्लास्टिकची जाळी बसव. मासा रात्री कुठे शिरेल याचा नेम नसतो.

सामानाबद्दल मी रागाने बोलणार आहे. स्टीलचे स्क्रू काढून टाक. साधं स्टेनलेस स्टीलही समुद्राच्या पाण्यात गंजतं. पितळेच्या कॉकला तर हातही लावू नकोस, पितळेत तांबं असतं. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध ज्या मात्रेत देतात, त्या मात्रेतसुद्धा कोळंबी जगत नाही. बाथरूमच्या फटींत भरायचं सिलिकॉन बुरशीनाशक घातलेलं असतं, ते चालणार नाही, आणि बाटलीच्या गुळगुळीत प्लास्टिकला सिलिकॉन नीट धरतही नाही. झटपट चिकटणारा गोंद तू वापरलास, तो सायनोअ‍ॅक्रिलेट आहे, तो चालतो. तेवढं एक बरोबर झालं. पण ती शॅम्पूची बाटली! तवंग काढायच्या यंत्रात साबणाचा अंश? पिण्याच्या पाण्याची बाटली घे.

आणि आत ओढलेला तवंग जातो कुठे? पंपाच्या तोंडाला काही न लावता तू तेच पाणी परत टाकीत फवारतोस. तासाभरात तो पुन्हा वर येतो. पंपाच्या आधी स्पंज लाव, दोन-तीन दिवसांनी टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळून धू. आठवडे तसाच ठेवलास तर अडकलेला मळ तिथेच कुजेल आणि नायट्रेट चढेल.

नवं यंत्र थेट टाकीत जाणार नाही. आधी बादलीत साधं पाणी भर, वर मिरपूड भुरभुर आणि पंप चालू कर. मिरपूड चारही बाजूंनी कपात ओढली जाते का ते बघ. एकाच बाजूने येत असेल तर कड तिरकी आहे, परत घास. मग मगाने पाणी थोडं थोडं काढून पातळी उतरव आणि कप सोबत येतो का बघ. पंप बंद कर, परत चालू कर, अनेकदा कर. वीज गेली आणि परत आली तर पंप हवा धरून नुसता घुरघुरत राहतो का, हे बादलीत कळू दे. एक रात्र बादलीत चालव. मिरपुडीचं पाणी टाकून सगळं स्वच्छ धुऊन झाल्यावरच ते माशांच्या पाण्यात उतरव.

शेवटची गोष्ट पहिली सांगायला हवी होती, कारण ती तुझ्या जिवाची आहे. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या बरोबर खाली फरशीवर ठेवला आहेस. पंपाची वायर टाकीतून सरळ खाली प्लगमध्ये जाते. वायरीवरून ओघळणारा खाऱ्या पाण्याचा थेंब कुठे पोचणार आहे, हे मी सांगायला हवं का? बोर्ड भिंतीवर टाकीच्या बाजूला उंच लाव. वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ दे, म्हणजे थेंब झोळाच्या तळातून फरशीवर पडेल. त्या सर्किटवर गळती झाली की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनला बोलावून पाहून घे, नसेल तर बसवून घे. आणि ते होईपर्यंत टाकीत हात घालायच्या आधी प्रत्येक वेळी प्लग बोर्डातून ओढून काढ. नुसतं बटण बंद करून नाही.