न धरणारं चाक

ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते, अशी तक्रार घेऊन येणारा जवळपास प्रत्येक चालक उजव्या चाकाकडेच बोट दाखवतो. "भाऊ, उजवीकडचं खोलून बघा, तिकडं काहीतरी अडकतंय." पेठमधल्या माझ्या गॅरेजात मी आधी डावं चाक जॅकवर घेतो. जिकडचा ब्रेक नीट धरतो तिकडे गाडी ओढली जाते. उजवं चाक त्याचं काम करत असतं म्हणून ते नजरेत भरतं. डावं काही करत नसतं, आणि काही न करणाऱ्याचा ना आवाज येतो ना वास.

जे घडलंच नाही ते एखाद्या गोष्टीचं कारण होऊ शकतं का, हा प्रश्न मी नाशिकला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करताना पहिल्यांदा वाचला. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह होता, आठल्ये आणि बोडस यांच्या १८९७ सालच्या आवृत्तीतला. जगात जे जे आहे त्याचे सात वर्ग तिथे सांगितले आहेत आणि सातवा आहे अभाव. नैयायिकांनी 'नसणं' ही गोष्ट द्रव्य-गुणांच्या पंगतीला बसवली, याचं तेव्हा नवल वाटलं होतं. पुढे गॅरेज सुरू केलं आणि ते नवल राहिलं नाही. माझ्या कामात सातव्या वर्गाशीच जास्त गाठ पडते.

गेल्या एकादशीला आमच्याकडे ज्ञानेश्वरीचा चौथा अध्याय लावला होता, कर्म आणि अकर्माचा. वाचन संपल्यावर एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "मी कुणाचं वाईट केलं नाही. भावकीच्या भांडणात पडलो नाही, कुणाच्या भल्यातही पडलो नाही. नुसता बसून राहिलो. मग मला दोष कसला?" त्यांचा प्रश्न कळकळीचा होता. तिथे जमलेल्यांनी नामाचा महिमा सांगून विषय संपवला. मला ते पटलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

विहित कर्म न करण्यानेही पाप लागतं, असं मानणारे होते. त्याला प्रत्यवाय म्हणतात. शंकराचार्यांनी हे नाकारलं. न करणं म्हणजे अभाव, आणि अभावातून भावरूप फळ निघेल कसं? आधार म्हणून त्यांनी छांदोग्यातला उद्दालकाचा प्रश्न पुढे केला: असतापासून सत कसं जन्मेल? मग कर्म चुकवणाऱ्याला दुःख येतं त्याचं काय? आचार्य म्हणतात, ते पूर्वी केलेल्या पापाचं फळ. आजचं न करणं ही त्या साठलेल्या पापाची खूण.

पाना हातात घेऊन विचार केला तर आचार्यांची बाजू मला भक्कम दिसते. गाडी वळवणारा जोर डाव्या चाकाने दिलेला नसतोच, तो सगळा उजव्याचा. आणि डावा कॅलिपर खोलला की त्याच्या न करण्यामागे आधी घडलेलं काहीतरी सापडतंच. पिस्टनवरचा रबरी बूट फाटलेला असतो. आमच्याकडे जूनपासून चार महिने पावसाची झड, पाड्यांवरच्या वाटांना तांबडा चिखल. मजूर घेऊन दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे जाणाऱ्या पिकअपची चाकं त्यातूनच जातात. फाटक्या बुटातून पाणी शिरतं, पिस्टनला गंज चढतो, तो जाम होतो. कधी सरकपिना सुकून घट्ट बसतात. कधी ब्रेकचा रबरी होस आतून फुगतो, बाहेरून मात्र नवा दिसतो. तेलाचा दाब पलीकडे उशिरा पोचतो आणि गाडी ब्रेक मारताच क्षणभर ओढून मग सरळ होते. कधी सील गळून पॅड तेलकट झालेला असतो. ब्रेक ऑइल स्वतःच हवेतला ओलावा पितं. डॉट ३ जातीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलायचं. इथपर्यंत आचार्यांचं म्हणणं खरं: न करणं ही खूण आहे.

पण ती खूण ओळखायची कशी? इथे मी मीमांसक कुमारिल भट्टाच्या अनुयायांचं ऐकतो. 'नाही' हे कळण्याचं वेगळं प्रमाण त्यांनी मानलं, अनुपलब्धी. आणि त्याला एक कडक अट घातली: ती वस्तू असती तर नक्की कळली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं ठरत नाही. बाजारपेठेत दोन फेऱ्या मारून आलेल्या गाडीचं डावं चाक थंड लागलं, तर त्यावरून मी काही बोलत नाही. कोटंबी घाट उतरून आलेल्या गाडीच्या रिमजवळ मात्र मी तळहात नेतो (डिस्कला हात लावायचा नाही, कातडी सोलून निघते). घाटात धरलेलं चाक तापलेलं असणारच. तिथे डावं थंड असेल तर ते न धरल्याचा पुरावा झाला.

सरसकट उलट्या बाजूला बोट दाखवणंही चूकच. ब्रेक न मारताही गाडी उजवीकडे जात असेल आणि उजवं चाक जळत असेल, तर तोच कॅलिपर अडकून बसलाय. एका टायरात हवा कमी असेल, लोअर आर्मचा बुश सैल असेल, किंवा रस्ताच कडेला उतरता असेल, तरी गाडी ओढते. 'उजवीकडे ओढते' हा हेतू, म्हणजे अनुमानासाठी धरलेली खूण, डाव्या चाकात दोष असताना आणि नसतानाही आढळतो; न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. म्हणून आधी चारही टायरांची हवा तपासायची, मग सपाट रस्त्यावर स्टेअरिंग हलकं धरून हळू वेगात ब्रेक मारून बघायचा.

आता त्या वडीलधाऱ्यांकडे येतो. आचार्यांचा युक्तिवाद त्यांच्या बाजूने वापरता येईल: तुम्ही काही केलं नाही, म्हणजे तुमच्यापासून काही उपजलं नाही. मी तो वापरणार नाही. आचार्य बोलत होते संध्येसारख्या नित्यकर्माबद्दल, आणि तेही ज्ञानासाठी सर्व सोडणाऱ्या संन्याशाच्या संदर्भात. भावकीत राहणारा माणूस एका आसावर बसवलेलं चाक आहे. आपल्या फौजदारी कायद्यानेही १८६० च्या दंडसंहितेपासून बेकायदेशीरपणे न केलेल्या गोष्टीला कृत्यात धरलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. घरात एकच भाऊ म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेतो, कर्जाचे हप्ते भरतो, चार शब्द बोलतो, आणि सगळे म्हणतात की हाच घर आपल्याकडे ओढतो. बसून राहिलेल्याचं नाव कुणी घेत नाही.

कर्मसिद्धान्तात दोन आपत्ती टाळायच्या असतात: केलेल्याचं फळ बुडणं, आणि न केलेल्याचं फळ वाट्याला येणं. कृतहान आणि अकृताभ्यागम. जन्मोजन्मीच्या हिशेबात त्या टळत असतील. पण डावं चाक न धरणाऱ्या गाडीचे उजवे पॅड मी काढतो, तेव्हा ते झिजून पत्र्याला टेकलेले असतात. दोष डावीकडे होता, झीज उजवीकडे झाली. म्हणून डावा कॅलिपर दुरुस्त केला तरी पॅड मी दोन्ही बाजूंचे बदलतो, आणि चालक विचारतो की चांगल्या चाकाचा खर्च मी का करू. मी झिजलेला पॅड त्याच्या हातात देतो. त्या वडीलधाऱ्यांनाही पुढच्या एकादशीला हेच सांगणार आहे: तुम्ही बसून होतात त्या वर्षांत भावकीत कोण झिजलं, ते आधी बघून या.