शुद्ध कोण, अशुद्ध कोण?

मुरबाड तालुक्यातील धसई येथे एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो असता शेजारचा एक मुलगा तांब्या घेऊन आला व म्हणाला, "पानी घ्या." आम्ही हसून त्यास सांगितले, "पानी नव्हे, पाणी म्हणावे." त्यानंतर तो मुलगा संध्याकाळभर एक अक्षर बोलला नाही. आम्ही शिकविले काय आणि तो शिकला काय, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

शास्त्र तरी आमच्या बाजूस होते काय? मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. त्यातील 'न'चा 'ण' केला तो प्राकृताने. म्हणजे आमचे शुद्ध 'पाणी' हेच एके काळचे बिघडलेले रूप होय. याच तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे २००० वर्षांपूर्वीचा प्राकृत लेख आहे. तेथे सातकर्णि राजाचे नाव 'सातकनि' असे, 'न' घालून, कोरलेले आहे. राजाच्या नावातील 'न' आम्ही आदराने वाचतो. गरिबाच्या तोंडचा 'न' मात्र आम्हांस खुपतो.

हा खेळ सर्वच भाषांत चालतो. प्राचीन स्लाव भाषेत 'हात' या अर्थाच्या शब्दातील 'क'पुढे विशिष्ट स्वर आला, की त्या 'क'चा आपल्या 'चूल' शब्दातील 'च'सारखा ध्वनी होई. पोलिश भाषेने तो ध्वनी आजवर जपला. रशियन भाषेने तेथे पुन्हा 'क' आणला. यांत सदाचारी कोणती आणि भ्रष्ट कोणती, असे कोणी विचारील काय? ध्वनी बदलतात ते नियमाने. त्यांत बोलणाऱ्याचा आळसही नसतो आणि पापही नसते.

यावर कोणी म्हणेल, मग प्रमाणभाषा नकोच काय? हवी. वजनमापे एक असल्यावाचून बाजार चालत नाही, तसा एका रूपावाचून छापखाना आणि परीक्षा चालणार नाहीत. मुलांस 'पाणी' लिहिण्यास अवश्य शिकवावे. परंतु ही सोय आहे, पुण्य नव्हे. सोयीस पुण्याचा मान दिला, की मुलाला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटू लागते. आणि ज्यास आईच्या बोलण्याची लाज वाटली, तो पुढे बोलणेच टाकतो.

त्या सायंकाळी तहानलेल्यास पाणी देण्याचा धर्म त्या मुलाने पाळला. घेणाऱ्याचा धर्म आमच्याकडून राहिला.