गुरुवारचा उपास आणि वजनकाटा



काही वर्षं मी गुरुवार कडक धरत होतो. लोकांना सांगायचो, महाराजांसाठी. खरं कारण वेगळंच. पौडच्या एका दवाखान्यात काट्यावर ८२ किलो भरलो होतो. म्हटलं, एका उपासात दोन कामं उरकतील.

वर्षअखेर काटा ८४ वर! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, वर दाण्याचे लाडू. अन् शुक्रवार उजाडला की आंबेमोहोराचा ऊन ऊन भात. आपल्या मुळशीकराला भात सुटत नाही, हे एक वेळ मान्य. पण गंमत बघा, साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेची. श्रीनृसिंह सरस्वती गाणगापुरात होते तेव्हा यातलं काहीच आपल्याकडे आलं नव्हतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. आपण त्यांना दत्तप्रभूच मानतो. त्या गुरूंत मासा आहे, गळाच्या आमिषापायी जीव गमावणारा. तिथेच ते सांगतात, की उपाशी राहिल्याने इतर इंद्रियं लवकर आवरतात, जीभ मात्र उलट जास्तच वखवखते. हे वाचलं आणि मी पोथी मिटून बसलो. माझीच गोष्ट की!

मग इरेला पेटून निर्जळी केली. साखरेची गोळी मात्र सवयीने घेतली. दुपारच्या आरतीला घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी. थोरल्या वहिनींनी तोंडात साखर घातली म्हणून सावरलो. "भाऊजी, महाराजांनी मागितलं होतं का हे?" एवढंच म्हणाल्या. तेव्हा गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका.

त्याच २४ गुरूंत मधमाशीही आहे. फुलाफुलातून थोडं थोडं घेते, म्हणून त्या भिक्षेला माधुकरी म्हणतात. दत्तमहाराज रोज दुपारी कोल्हापुरी भिक्षेला जातात, अशी आपली श्रद्धा. अन्न नाकारत नाहीत, झोळी ओसंडूनही भरत नाहीत.

आता गुरुवारी मी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही वेळा साधं, मोजकं जेवतो. उरलेले सहा दिवस भाताची दुसरी वाढ बंद. ती बंद करणं निर्जळीपेक्षा अवघड गेलं, खोटं कशाला सांगू! काटा ७९ वर आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळाला या. सुंठवडा चिमूटभरच मिळतो. माझा हात दुसऱ्यांदा पुढे होतो का, तेही बघा.